दारोदारचं दफ्तर

1954 साली दिल्लीत एक कायदा झाला. पुस्तक छापलं की प्रकाशकाने त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना आपल्या खर्चाने पाठवायची. कितीक प्रकाशक विसरतात, ती गोष्ट वेगळी. पण निदान छापील पुस्तकाच्या मागे सरकार उभं आहे. हाती लिहिलेल्या कागदाला असा वाली नाही. तो आणायला कुणीतरी घरचं काम टाकून निघावं लागतं.

खानदेशाच्या नशिबाने असे निघणारे दोघे धुळ्याला लाभले. एक वि. का. राजवाडे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 साली निघाला, आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, पण माणूस एका जागी रमणारा नव्हता आणि जमवून घेणारा तर नव्हताच. अखेरचा काळ धुळ्यात गेला आणि 31 डिसेंबर 1926 ला तिथेच ते वारले. दुसरे वकील शंकर श्रीकृष्ण देव. रामदासी मठ धुंडाळत त्यांनी पोथ्या आणि बाडं गोळा केली. डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या प्रतीवरून 1905 साली दासबोध छापला, तो त्यांनीच. त्यांनी जमवलेला ठेवा धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. राजवाड्यांमागे उभं राहिलं ते राजवाडे संशोधन मंडळ. गुरूच्या नावाने पुतळा उभारून मोकळं होता आलं असतं. मंडळाने त्यांचा मराठी धातुकोश 1937 मध्ये आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश 1942 मध्ये छापून काढला. श्राद्ध असं घालावं.

जळगावहून धुळं म्हणजे एरंडोल, पारोळा करत जाणारी एसटी. जुन्या कागदांच्या वाचकाने सकाळची गाडी धरावी, कारण मंडळात पहिला तास नुसता बसण्यातच जातो. यादी चाळायची, मागणी लिहून द्यायची, शाईचं पेन खिशात ठेवून शिसपेन्सिल काढायची. मग समोर रुमाल येतो. रुमाल म्हणजे कागद बांधलेलं फडकं, आणि त्या फडक्यातलं सगळं दफ्तरही. गाठ सुटली की जुनाट, कोरडा वास येतो आणि बोटं आपोआप हळू होतात.

मोडी वाचकाची गुर्मी उतरवते. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिला अक्षरं लटकवायची, ही जुन्या कारकुनांची रीत. शब्द कुठे तुटला ते आपण ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घाची तर त्यांनी फिकीरच केलेली नाही. दुपारपर्यंत चार ओळी लागल्या तरी खूप. मात्र चौथ्या ओळीला हात ओळखू येतो. हा 'स' असाच काढतो, घाईत असला की शेवट असाच फरफटवतो. मग मजकूर वसुलीचा असला तरी लिहिणारा ओळखीचा वाटायला लागतो. संगणकावर पानांची चित्रं पाहायची सोय झाली हे चांगलंच आहे. पण शाई कुठे दाटली आणि कागद कुठे दुमडून खिशात गेला होता, ते हातात घेतल्यावरच कळतं.

संशोधन करायचं तर पुणं-मुंबई गाठायला हवी, असं आपल्याकडे अजून सर्रास म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी धुळ्याच्या पांझरा नदीचा पूल ओलांडलेला नसतो.

एकदा परतीच्या गाडीत शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते. काय काम काढलं होतं, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

''आमना घरमा बी शे एक पेटी. कागदंस् नी. पन ते वाचता कोनले येस?''

''बाबा, उंदीर लागायच्या आत धुळ्याला दाखवा. राजवाडे मंडळ म्हणून विचारा.''

''पैसा किती देतस त्या?''

हा सवाल राजवाड्यांनी किती ओसऱ्यांवर ऐकला असेल! त्यांच्याजवळ काय उत्तर होतं कोण जाणे. माझ्याजवळ नव्हतं. मी आपलं, पेटी लाकडाची आहे की पत्र्याची, ते विचारलं. लाकडाची होती, आणि यंदा माळा गळत होता.