रंग धरणारं प्लास्टिक

आमच्या गाडीचं इंजिन अजून कुरकुरत नाही, पत्राही शाबूत आहे. तिचं वय कळतं ते आत बसल्यावर. आतलं सगळं बेज असलं की गाडी भारीतली, असं मानायच्या काळात बाबांनी ती घेतली. धूळ, डोक्याचं तेल आणि पोरांचे बूट यांच्यापुढे तो भारीपणा टिकला नाही. त्यातही दारांच्या आतल्या मुठी आणि काचांच्या बटणांची पट्टी यांनी अगदी उच्छाद मांडला होता. हाताला मऊ लागावं म्हणून त्यांच्यावर कारखान्यातच रबरासारखा थर दिलेला असतो. तो पाघळून काकवीसारखा चिकट झाला होता, आणि लग्नाकार्याला निघताना नेमका पांढऱ्या बाहीला लागायचा.

आमच्या ओळखीचे एक डेंटिंग-पेंटिंगवाले चाचा आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, “साहेब, पत्र्याचं काय असेल ते सांगा. आतल्या प्लास्टिकला रंग धरत नाही. चार महिन्यांत पापुद्रे निघतात आणि लोक मला शिव्या घालतात.”

चाचांचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि घरी हे काम करायचा मला मोह पडला तो उरलेल्या निम्म्यासाठी.

आधी चिकटपणाचं बघितलं. हा मऊ थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. उष्णता आणि हवेतला दमटपणा मिळून त्यातले रासायनिक बंध वर्षानुवर्षं तोडत राहतात. म्हणजे वर मळ बसलेला नसतो, थरच कुजत असतो. साबणाने कितीही घासा, थोड्या वेळाने पुन्हा चिकट. मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो आणि पाठोपाठ पावसाळा येतो. आपल्याकडचं हवामान या थराला मानवण्यासारखं नाहीच. त्यावर इलाज एकच, तो पूर्ण काढणं. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. खिडक्या उघड्या ठेवल्या, हातमोजे घातले, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहिलं आणि मग जुन्या बनियनच्या चिंध्यांनी घासायला बसलो. काळ्या वळकट्या निघत राहिल्या. बटणं आधीच सुटी करून बाजूला ठेवली होती, कारण त्यांच्यावरची चित्रं नुसती वर छापलेली असतील तर ती या द्रावणाने पुसली जातात.

थर गेल्यावर खाली निघालं ते साधं, काळं, बारीक खवल्यांचं प्लास्टिक. उत्तम अवस्थेत! त्याला रंगाची गरजच नव्हती. बाबा ते पालथं-उताणं करून बघत म्हणाले, “मग वर ते रबर कशाला फासलं होतं?” याचं उत्तर शोरूममध्ये पहिल्या दिवशी हात फिरवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे असणार.

आता बेज भाग. सोडवण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढली आणि थोडा वेळ जाऊ दिला, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत वीज काही काळ साठून राहते. एअरबॅगच्या झाकणाला, म्हणजे स्टिअरिंगच्या मधल्या भागाला आणि शेजारच्या सीटसमोरच्या डॅशबोर्डला, मी हात लावला नाही. ती झाकणं ठरलेल्या रेषेवर फाटावीत अशी बनवलेली असतात. त्यांच्यावर रंगाचा कडक थर चढवून तो तोंडावर उडण्याची वाट पाहण्यात शहाणपण नाही. बाकी पॅनेल काढताना गाडी जरा उन्हात ठेवली. गार प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात, कोमट झालेल्या निमूट सुटतात. स्क्रू-ड्रायव्हर घातला तर कडांना दात पडतात, म्हणून प्लास्टिकच्या पट्ट्या वापरल्या.

बहुतेक भागांच्या पाठीवर प्लास्टिकच्या जातीचा शिक्का असतो आणि सगळं त्यावर ठरतं. गिअरभोवतीच्या कन्सोलवर लिहिलं होतं एबीएस. दारांच्या खालच्या खणांवर पीपी-टी२०, म्हणजे पॉलिप्रोपिलीन आणि त्यात २० टक्के टाल्क, आपलं शंखजिरं. एबीएस रंग धरतं. पॉलिप्रोपिलीन मात्र काही म्हणता काही धरत नाही. कितीही धुवा, पाणी त्यावर पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. रंगाचंही तेच होतं. चाचांचे पापुद्रे इथले. शिक्का सापडला नाही तर तुकडा पाण्यात टाकून बघा, पॉलिप्रोपिलीन तरंगतं, असं सांगतात. ते शुद्ध मालाला लागू. टाल्क मिसळलेला तुकडा जड होतो आणि खुशाल बुडतो, म्हणून बादलीपेक्षा शिक्क्यावर भरवसा ठेवला. कारखान्यात अशा भागांवरून ज्योत फिरवून पृष्ठभाग रंगण्याजोगा करतात. घरी त्याऐवजी ॲडहीजन प्रमोटर नावाचा पारदर्शक फवारा मिळतो. त्याचा पातळ हात द्यायचा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आत रंग मारायचा.

नाना पेठेतल्या दुकानदाराने तो डबा काढून दिला आणि विचारलं, “डॅशबोर्ड पॉलिश मारत होता का गाडीला?” मी मारत नव्हतो, पण वॉशिंग सेंटरवाला दर वेळी न विचारता मारायचा. त्या चकाकीत सिलिकॉन असतं आणि ते रंगाचं वैरी. त्याचा अंश राहिला तरी रंग त्या ठिपक्यापासून मागे सरकतो आणि गोल खड्डे पडतात. त्यामुळे रंगकामाचा मोठा वाटा धुण्यातच गेला: आधी भांड्यांचा साबण आणि ब्रश, मग तेल-मेण काढणारं द्रावण, दर वेळी नवा फडका, आणि द्रावण वाळायच्या आत पुसणं. वाळू दिलं तर सिलिकॉन होतं तिथेच परत बसतं. सपाट भागांना ८०० नंबरचा वॉटर पेपर. खवल्यांच्या भागांना पेपर लावला तर खवले झिजून टक्कल पडतं, तिथे फक्त घासणीसारखं लाल नायलॉनचं पॅड.

रंग निवडताना घरात दोन पक्ष पडले. बायकोला पियानो ब्लॅक हवा होता. मला तो काळा आरसा गाडीत सहन होत नाही. बोटाचा ठसा, धूळ, ओरखडा, सगळं तो मोठं करून दाखवतो. शेवटी मॅट गडद करडा ठरला. बेजला बेज जुळवायच्या फंदात पडलोच नाही. खवले वेगळे असले की एकच रंग दोन भागांवर दोन छटांचा दिसतो.

हार्डनर घालून मारायचा टू-के रंग जास्त टिकतो, पण त्यात आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा मागे लागू शकतो. गॅरेजमध्ये पोरं तोंडाला रुमाल बांधून तो मारतात, हे बघवत नाही. मी साधे ॲक्रिलिकचे स्प्रे घेतले आणि काडतुसाचा मास्क. पुण्यातला कोरड्या हवेचा हंगाम गाठला, कारण दमट हवेत वाळणाऱ्या रंगावर पांढुरकी झाक येते. गच्चीवर दव उडून गेल्यानंतर आणि वारा सुटायच्या आधी मधला थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात काम. डबा कोमट पाण्यात ठेवून, भरपूर हलवून, वीतभर लांबून. नळी भागाच्या बाहेर दाबायची आणि पार पलीकडे नेऊन सोडायची. पहिला हात इतका विरळ की बेज दिसतच राहतो. एकदम झाकायला गेलं की ओघळ येतात आणि खवले बुजतात. वर मॅट क्लिअर.

रंग तासाभरात हाताला सुका लागतो, पण तेव्हा तो कच्चाच असतो. सगळे भाग काही दिवस माळ्यावर पसरून ठेवले. तोवर बाबा आतून सांगाडा दिसणाऱ्या गाडीतून भाजी आणत होते. कशालाही हात लावायचा नाही अशी ताकीद त्यांना दिलेली होती, आणि लावायला फारसं काही उरलंही नव्हतं.

उन्हाळा आणि पावसाळा उलटल्यावर परिस्थिती अशी आहे. एबीएसचं कन्सोल रंगवलं होतं तसंच आहे. दारांच्या वरच्या पट्ट्याही ठीक आहेत. खालच्या खणांवर जिथे उतरताना बुटाची टाच लागते, तिथे मात्र करडा निघून बेज डोकावायला लागला. प्रमोटरमुळे रंग चिकटतो, टाचेपुढे त्याचं काही चालत नाही. मॅटवर ठिगळ लपत नाही, त्यामुळे तेवढ्याच जागी रंग मारायचा विचार सोडून दिला. याच मॉडेलच्या, आतून काळ्या असलेल्या एका भंगारातल्या गाडीचे खण मिळाले, ते बसवले. ते आरपार काळे आहेत, ओरखडा पडला तरी खाली काळंच. क्लिपा तेवढ्या नव्या घ्याव्या लागल्या.