रांदेरहून म्हसावदला

आमच्या गावाच्या नावाने एक घोटाळा कायमचा आहे. म्हसावद म्हटलं की रेल्वेवाले जळगाव-पाचोरा मार्गावरचं स्टेशन समजतात आणि साताऱ्याकडचे लोक माण तालुक्यातलं म्हसवड. आमचं म्हसावद शहाद्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. इथे रेल्वे नाही. शहाद्याहून येणारा रस्ता गावातून पुढे राणीपूरकडे आणि तोरणमाळच्या घाटाकडे जातो. ऊस, केळी, पपई, कापूस. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि संध्याकाळी त्यातल्या निम्म्यांना मागचा दिवा नसतो. अशा गावात आम्ही बुटकी, जोरदार इंजिनाची, जुनी गाडी रोजच्या वापरासाठी आणली, तेव्हा शेजारच्या काकांनी एवढंच विचारलं, "मास्तर, ही रस्त्यावर चालते की रस्त्याला घासत?"

प्रश्न रास्तच होता. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला वर्ष लागलं.

घरात आम्ही दोघेही शिक्षक. शाळेसाठी रोज शहाद्याला ये-जा, कधी एसटी, कधी काळीपिवळी. अब्बांचं वय झालेलं, गुडघे गेलेले, दर महिन्याला त्यांना नंदुरबारला डॉक्टरांकडे न्यायचं. काळीपिवळीत मधल्या सीटवर चार माणसांत अब्बांना बसवताना एकदा त्यांचा पाय अडकला, त्या दिवशी ठरलं की गाडी घ्यायची. नवी गाडी म्हणजे बँकेचं कर्ज, कर्ज म्हणजे सूद, आणि तो घरात आणायचा नाही हे अब्बांच्या काळापासून ठरलेलं. हाताशी होती भिशीची रक्कम आणि थोडी बचत, मिळून चार लाख. म्हणजे जुनीच गाडी, रोखीने.

सुरतेत नोकरी करणारा भाचा म्हणाला, "मामूजान, त्याच पैशात मारुती मिळेल दहा वर्षं जुनी, किंवा पोलो जीटी. मारुतीला सगळेच मागतात म्हणून ती महाग. पोलोला लोक घाबरतात म्हणून स्वस्त." मुलाचे डोळे चमकले. आमचे नाही.

स्पोर्ट्स कार म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे सचिनची लाल फेरारी यायची. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये त्याला ३६० मोडेना भेट मिळाली होती. ती गाडीही शेवटी सेकंडहँडच विकली गेली, २०११ मध्ये, आणि तीही सुरतेच्याच एका व्यापाऱ्याला! फेरारी आपल्या वाटेला येणार नाही. पण पोलो जीटी टीएसआय ही गरिबाची त्या जातीतली गाडी म्हणता येईल. इंजिन फक्त १२०० सीसीचं, पण टर्बो असल्यामुळे १०५ अश्वशक्तीचं. सात गिअरचा, दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जर्मन नाव असलं तरी बांधणी आपल्या पुण्याजवळच्या चाकणची. २०१३ साली ही आली तेव्हा किंमत आठ लाखांच्या आसपास होती. पोलोचं उत्पादन भारतात २०२२ मध्ये थांबलं. याच नावाच्या शर्यतीच्या गाडीने २०१३ ते २०१६ सलग चार वर्षं जागतिक रॅली स्पर्धा जिंकली, हे मुलाने आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की अब्बांनाही पाठ झालं.

सुरतेत पहिल्यांदा पाहिली ती दुसऱ्याच एका कंपनीची गाडी. चकाचक धुतलेली, सीटवर नवं कव्हर. विकणारा दलाल गोड बोलणारा. आम्ही बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम. आम्ही येण्याआधीच त्याने इंजिन चालवून ठेवलं होतं. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे खोकतं, थरथरतं, धूर सोडतं, ते गरम इंजिन लपवतं. भाच्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. चार टायर, चार वेगवेगळी वर्षं. चढावर गाडी हळू रेंगाळत नेली तेव्हा गिअरबॉक्समधून हिसके आले. दलाल म्हणाला, "एसीमुळे." एसी बंद केला. हिसके चालूच.

फिक्हमध्ये खियार-ए-ऐब म्हणून एक हक्क आहे. मालात लपवलेला दोष नंतर निघाला तर घेणाऱ्याला तो परत करता येतो. लहानपणी मदरशात आम्ही हे शिकलो ते फाटक्या कापडाच्या आणि दुखणाईत जनावराच्या उदाहरणांवर. गिअरबॉक्सचं उदाहरण तेव्हा कुणी दिलं नव्हतं. दलालाला हे सांगून उपयोग नव्हता, आम्ही चहा न घेताच निघालो.

दुसरी गाडी रांदेरला होती. तापीच्या पलीकडचं हे जुनं बंदर. इथल्या व्यापाऱ्यांनी एकेकाळी ब्रह्मदेशाशी व्यापार केला. अजूनही अरुंद गल्ल्यांत लाकडी कोरीव दारांची घरं आणि जुन्या मशिदी उभ्या आहेत. गाडीमालक निवृत्त गृहस्थ. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "सकाळी लवकर या, मी गाडी सुरू करणार नाही." बॉनेट थंडगार होतं. सोबत एक फाइल, २०१४ पासूनची सर्व्हिसची सगळी बिलं. मग त्यांनी स्वतःच गाडीभोवती फिरून दाखवलं. मागचा बंपर खांबाला लागला, रंगवलाय. एसी दुपारी दमतो. पुढच्या डाव्या शॉकअब्जॉर्बरमधून तेल पाझरतंय. टायर यंदा बदलावेच लागतील. "आणि हा गिअरबॉक्स," ते म्हणाले, "तुंबलेल्या रहदारीत तासन् तास रांगवायचा नाही. कोरडे क्लच असतात, तापतात. तुमच्या गावात सिग्नल किती?" आम्ही म्हणालो, एकही नाही. ते हसले.

भाव सव्वातीन लाख. बाहेर तीन लाखांतही अशी गाडी मिळत होती. आमच्या घरच्या अर्थमंत्र्यांनी घासाघीस केली नाही, हे लग्नानंतर प्रथमच घडलं. त्यांचा हिशोब असा की वरचे पंचवीस हजार गाडीचे नव्हते, त्या फाइलचे होते.

परतीचा रस्ता व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, नंदुरबार. नवापूरच्या स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. आमची गाडीही तेव्हा अशीच होती, पाटी गुजरातची आणि मालक महाराष्ट्राचे. सोनगडजवळ तापी उकाईच्या धरणात अडलेली, रांदेरला समुद्राकडे निघालेली, आणि प्रकाशाच्या पुलावर पुन्हा तीच तापी, गोमाई जिथे तिला मिळते. सबंध वाट आम्ही तिच्या उलट दिशेने येत होतो. महामार्गावर मुलाने एकदाच विनवणी केली, "अब्बू, जरा दाबा ना." जरा दाबलं. गाडी अशी झेपावली की मागून कलमा ऐकू आला. नंतर कुणी विनवणी केली नाही.

कागदपत्रं मात्र झेपावली नाहीत. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नव्याने नोंदवावी लागते. तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलायला २९ आणि ३०, इथला रोड टॅक्स, विम्यावर नाव चढवणं, आणि गाडीवर जुनं कर्ज वा दंड नाही याची आधीच खात्री. एमएच-३९ ची पाटी लागेपर्यंत चार महिने गेले. टॅक्स, टायर, शॉकअब्जॉर्बर, एसी मिळून सत्तर हजार. चार लाखांतले पाच हजार उरले, त्यांची मिठाई झाली.

आणि मग रोजचं जगणं. म्हसावदमध्ये कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही. तेल आणि ब्रेक आमचा मिस्त्री बघतो, पण संगणक लावायचं काम असलं की मोठं शहर गाठावं लागतं. गावातले गतिरोधक लोकांनी आपल्या हाताने सिमेंट ओतून केलेत, एकेक कबरीएवढा. पहिल्याच आठवड्यात पोटाखालचं प्लॅस्टिकचं कवच फाटलं, चूक आमचीच. आता तिरकी गाडी काढतो, एक चाक आधी, दुसरं नंतर. पावसाळ्यात शेतरस्त्याला तिला नेतच नाही. कंपनीचा आकडा लिटरला १७.२ किलोमीटरचा, आम्हाला मिळतात तेरा. पेट्रोल महिन्याला आठ हजारांच्या घरात. काळीपिवळीपेक्षा महाग, नक्कीच. नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा स्वस्त, हेही नक्की. पण गिअरबॉक्स गेला तर हा सगळा हिशोब एका दिवसात उलटेल. म्हणून भिशी पुन्हा लावली आहे, फक्त त्याच्यासाठी. ज्यांच्याकडे ही दुसरी भिशी नाही, त्यांना आम्ही सरळ सांगतो, मारुती घ्या.

गेल्या हिवाळ्यात तोरणमाळला गेलो. राणीपूर सोडलं की सागाचं जंगल, मग सातपायरीचा घाट, एकावर एक वळणं. उंचीवर हवा विरळ होते, साधं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहावा हिस्सा जोर गमावतं. टर्बो हवा दाबून आत ढकलतो, म्हणून पाच माणसं भरूनही ही गाडी कुरकुरली नाही. बुटकी असल्यामुळे वळणावर कलंडल्यासारखीही वाटली नाही. खाली रस्त्याला घासणारी गाडी ती हीच का, असा प्रश्न पडला. वर यशवंत तलावाच्या काठी थंडी अशी की अब्बांनी गाडीतूनच पाणी पाहिलं.

अब्बांचंच सांगायचं राहिलं. सीट खाली असल्याने त्यांना बसायला सोपं जाईल असा आमचा अंदाज होता. बसायला सोपंच जातं. उठताना मात्र दोघांनी ओढावं लागतं. मुलाने जाड फोमची गादी शिवून घेतली, चार बोटं उंच. आता अब्बा आधी गादी नीट ठेवून घेतात, मग काठी आत, मग स्वतः. नंदुरबारच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली मागे टाकली की बाहेर न बघता विचारतात, "जर्मन है ना?" आम्ही म्हणतो, "नाही अब्बा, चाकणची."