पाण्याआधी माती

कुंडीतलं रोप कोमेजलं की घरातल्या प्रत्येकाला एकच औषध सुचतं : पाणी! आजी तांब्या घेऊन धावतात, शाळेतून आलेली नात बाटलीतलं उरलेलं पाणी ओतते, आणि रात्री गृहस्थही जाता जाता पेलाभर पुण्य पदरात पाडून घेतात.

भाषा शिकविणाऱ्या माणसाला द्व्यर्थी शब्दांची सवय असते. पानांचं मान टाकणं हा असाच एक शब्द! तहानेनंही पानं लोंबतात आणि अति पाण्यानंही. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या हवेची जागा पाण्यानं अडवली की मुळं गुदमरतात, कुजतात. मग पाण्यात उभं राहूनही रोप तहानलेलंच राहतं.

अर्थ कोणता, ते संदर्भावरून ठरवावं. आणि इथला संदर्भ म्हणजे माती. बोट दोन पेरं आत घालून पाहा. ओल लागली तर तांब्या खाली ठेवा. उलट, काळी माती फार वाळली तर आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट बशीत उतरतं. अशी कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत बादलीत बुडवून ठेवावी.

आमच्या शेजारच्या काकूंची तुळस गेल्या श्रावणात अशीच मलूल झाली. कोकणातलं घर विकलं, तेव्हा वृंदावनातलं तेवढंच रोप त्यांनी मुंबईला आणलं होतं. ऊन नाही, माती वाळत नाही, आणि काकू दोन वेळा पाणी घालीत होत्या.

"प्रोफेसर, जगेल ना हो ती?" त्यांनी विचारलं.

आम्ही कुंडी उपडी केली. तळाचं भोक बुजलेलं, मातीला आंबूस वास, मुळं काळी नि मऊ. कुजकी मुळं कापून रोप लाल माती, वाळू नि शेणखतात लावलं. चार शेंडे खुडून पेल्यात ठेवले. रोप काही वाचलं नाही. पण पंधरा दिवसांनी दोन शेंड्यांना पांढरी मुळं फुटली.

काकूंनी पेला उजेडात धरला. "तिकडचीच ना ही?"

"बी नव्हे, फांदीच ती. अगदी तिकडचीच!"

दिवाळीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन आपण बजावतो, "झाडांना पाणी घाला हं!" यंदा एवढंच जास्त सांगा : "पण आधी मातीत बोट घालून बघा."