बटणांचा डबा

कापड विटते, विरते, फाटते आणि अखेर पायपुसण्याच्या पदाला जाते. बटणाचे तसे नाही. सदरा जीर्ण झाला, तरी त्याचे बटण बहुधा शाबूत असते. म्हणूनच आपल्या आया-आज्या जुने कपडे बोहारणीच्या हवाली करण्यापूर्वी कातर घेऊन बसत, एकेक बटण काढून घेत आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकत. त्या डब्यात आजोबांच्या कोटाची, बाळाच्या झबल्याची आणि थोरल्या लेकीच्या पोलक्याची बटणे एकत्र नांदत. घरातील माणसे पांगली, काही देवाघरी गेली, तरी डबा तसाच राहिला. आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. येथे कापसाच्या भावावर घरातील लग्नाची तिथी ठरते. जेथे कापसाला एवढा मान, तेथे ते कापड अंगावर धरून ठेवणाऱ्या बटणाला मात्र कोणी विचारीत नाही. म्हणून आज त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही योजले आहे.

सिंधू संस्कृतीच्या अवशेषांत शिंपल्याची, छिद्रे पाडलेली बटणे सापडली आहेत. ती बहुधा शोभेसाठी वापरीत. आपल्या अलीकडच्या पूर्वजांनी तर वस्त्र बंदांनीच बांधले. बाराबंदीला बारा बंद, म्हणून तिचे ते नाव. बटण ज्या चिरेत अडकते तिला आपण 'काज' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'काझा' या शब्दावरून आला आणि त्याचा अर्थ घर. काज म्हणजे बटणाचे घर! आम्हा लोकांना तुम्ही ज्या नावाने ओळखता तो 'पाद्री' शब्दही त्याच भाषेतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. तेव्हा काजाचे आणि पाद्र्याचे नाते तसे जुनेच आहे.

आमच्या झग्याचेच पाहा. रोमन पद्धतीच्या काळ्या झग्याला समोर ३३ बटणे लावण्याची परंपरा आहे. प्रभूच्या पृथ्वीवरील ३३ वर्षांचे ते स्मरण मानले जाते. विदर्भाच्या उन्हाळ्यात असा झगा घालणे ही तपश्चर्याच होय, म्हणून आम्ही पांढऱ्या सुती झग्यावर भागवतो. परंतु सेमिनरीत असताना प्रत्येकाला स्वतःचे बटण स्वतः लावावे लागे. आमचे एक वृद्ध गुरुजन म्हणत, "ज्याला स्वतःचे तुटलेले बटण लावता येत नाही, त्याने प्रवचनात लोकांच्या उणिवा दाखवू नयेत." ती शिकवण आम्हाला फार पुढे उपयोगी पडली.

२०१७ सालचा पावसाळा या जिल्ह्याच्या स्मरणातून जाणार नाही. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. तिच्यावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या विषाला आमचे शेतकरी 'औषध' म्हणतात, हे मनाला फार लागते. त्यानंतर गावोगाव सांगण्यात आले की फवारणी करताना हातमोजे, चष्मा आणि मुखवटा वापरावा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करू नये, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा गळ्यापर्यंत बंद करून घालावा.

आमच्या धर्मग्रामात गरजूंसाठी जुने कपडे गोळा होतात. त्यांतून पूर्ण बाह्यांचे सदरे निवडण्यासाठी आम्ही आणि महिला मंडळाच्या भगिनी एका दुपारी बसलो. सदरे चांगले होते, धुऊन इस्त्री केलेले होते. पण निम्म्याहून अधिक सदऱ्यांना बटणेच नव्हती. कोणाचा हेतू वाईट नव्हता. बोहारणीसाठी चालणारी कातर सवयीने गरिबाच्या कपड्यावरही चालली होती, एवढेच. परंतु असा सदरा घालून माणूस शेतात जातो, तेव्हा त्याचा गळा उघडा राहतो आणि बाह्या मनगटावर फडफडतात. आमच्या घरातील काटकसर दुसऱ्याच्या अंगावर उघडी पडते.

तेव्हा आम्ही मिस्सानंतर निवेदन केले की ज्यांच्या घरी बटणांचा डबा असेल त्यांनी तो आणून द्यावा. एवढी बटणे येतील असे वाटले नव्हते. शिलाई यंत्रांच्या खणांतून, बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानातून, आठवडी बाजारातील भंगाराच्या ढिगातून ती आली. दानपेटीत अधूनमधून नाण्यांच्या आवाजात भर घालण्यासाठी पडणारी बटणेही आम्ही यात मिळवली. दात्यांनी निश्चिंत असावे. त्यांचे दान वाया गेले नाही.

त्या ढिगात केवढे वैविध्य होते! शिंपल्याची बटणे होती. बिहारच्या चंपारण भागातील मेहसी या गावी १९०५ साली भुलावन लाल नावाच्या एका शाळा-तपासनीसांनी नदीतल्या शिंपल्यांपासून बटणे करण्याचा उद्योग उभा केला होता. शिंगाची होती, करवंटीची होती, काचेची होती. दुधातील केसीनपासून केलेली होती, तसेच १९०७ साली शोध लागलेल्या बेकेलाइटची होती. दारव्ह्याच्या एका कुटुंबाने जी. आय. पी. रेल्वेची अक्षरे असलेले पितळी बटण आणले. ही कंपनी १९५१ साली मध्य रेल्वेत सामील झाली. मूर्तिजापूर-यवतमाळची आमची लाडकी शकुंतला आता धावत नाही. पण त्या घरच्या आजोबांच्या गणवेशाचे बटण अजून लखलखते आहे.

जुने बटण ओळखण्याची एक सोपी रीत आहे. ते गालाला लावावे. शिंपला आणि काच थंड लागतात, प्लॅस्टिक तसे लागत नाही. केसीनचे बटण गरम पाण्यात क्षणभर धरले तर दुधासारखा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहण्याची रीत मात्र टाळावी. बटण सेल्युलॉइडचे असेल तर ते भडकन पेट घेते. शिंपल्याची व काचेची बटणे कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावीत, परंतु शिंपल्याला चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. आम्लाने त्याची झळाळी जाते. शिंग, लाकूड आणि केसीन पाण्यात भिजत ठेवू नये, ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. पितळी बटण देवघरातल्या समईसारखे घासू नये. त्याच्यावर मुलामा असल्यास तो निघून जातो. सेल्युलॉइडची बटणे नेहमी वेगळी ठेवावीत, कारण त्यांतून निघणाऱ्या वाफेने शेजारची धातूची बटणे गंजतात. आणि जुना दोरा छिद्रांत राहू देऊ नये. तो पावसाळ्यात ओल धरतो.

मुंबईहून आलेल्या एका सुविद्य स्नेह्यांनी हा संग्रह पाहिला आणि आम्हाला सुचवले, "फादर, यातील दुर्मिळ बटणे निवडून पुठ्ठ्यावर लावा. हौशी लोक किंमत देतील. त्या पैशांतून नवे सदरे घ्या." सूचना वेडगळ नव्हती. अमेरिकेत बटणे जमवणाऱ्यांची राष्ट्रीय संस्था १९३८ पासून आहे, आणि आपल्या मुंबईच्या चोर बाजारातही जुन्या बटणांना गिऱ्हाईक भेटते. आम्ही काही दिवस खरोखरच विचारात पडलो होतो.

त्याच सुमारास एका रविवारी मिस्सानंतर एक बाई दाराशी थांबल्या. त्यांचे यजमान २०१७ च्या त्या पावसाळ्यात गेले. त्यांनी पदराची गाठ सोडून सात बटणे आमच्या हातावर ठेवली. पांढरी, चार छिद्रांची, कुठल्याही दुकानात मिळतील अशी. त्यांच्या लग्नातल्या सदऱ्याची होती ती. त्या म्हणाल्या, "फादर, हे डब्यात नोका ठेवू. कोन्या फवारनीवाल्याच्या सदऱ्याले लावा. गळ्यापाशी लावा."

आमचा विचार तेथेच संपला. शिंपल्याची नाजूक बटणे दगडावर आपटून धुण्याला टिकत नाहीत. ती लहानग्यांच्या सणाच्या कपड्यांना लावायची असे ठरले. रेल्वेचे पितळी बटण त्याच कुटुंबाला परत दिले. नातवाने ते आपल्या लग्नाच्या कोटाला लावून घेतले. बाकीची जाड, मजबूत बटणे सदऱ्यांना लागली, आणि त्या सात बटणांनी सात गळे बंद केले. पुठ्ठ्यावर एकही गेले नाही.

बटणाने विष अडते, असे आम्ही म्हणत नाही. सुती कापड औषध शोषून घेते. मुखवटा आणि हातमोजे हवेतच, फवारणीचा सदरा रोज आणि घरच्या कपड्यांपासून वेगळा धुवायला हवा, आणि तसल्या सदऱ्याची बटणे आम्ही पुन्हा डब्यात घेत नाही. तथापि, ज्याचा सदरा गळ्यापासून मनगटापर्यंत नीट बंद आहे, त्याची काळजी कोणीतरी केली आहे हे त्यालाही कळते. ज्याची काळजी केली जाते, तो स्वतःची काळजी थोडी अधिक घेतो, असा आमचा अनुभव आहे.

बटण लावण्याची रीतही सांगून ठेवतो. ते कापडाला अगदी घट्ट चिकटवू नये. बटणाच्या आणि कापडाच्या मध्ये आगपेटीची काडी धरून टाके घालावेत, मग काडी काढून मधल्या सुट्या दोऱ्याला चार वेढे द्यावेत. असे बटण काजात सहज बसते आणि वर्षानुवर्षे तुटत नाही.

तेव्हा वाचकहो, बोहारणीला काय द्यायचे ते तुम्ही ठरवा. परंतु धर्मग्रामासाठी कपडे काढाल तेव्हा कातर खणातच राहू द्या. आणि घरात कुठे जुना डबा पडून असेल तर तो पाठवून द्या. सुई-दोरा आमच्याकडे आहे.