कासेलच्या पायऱ्या आणि गाळलेली नावे

जर्मनीच्या मध्यभागी, फुल्दा नदीच्या काठी, कासेल नावाचे सुमारे दोन लाख वस्तीचे शहर आहे. दर पाच वर्षांनी शंभर दिवसांसाठी जगभरचे चित्रकार, शिल्पकार आणि रसिक तिथे लोटतात. या प्रदर्शनाचे नाव 'डॉक्युमेंटा'. पण कासेल पाहावे ते प्रदर्शन नसताना! पाहुणे परतल्यावर घरात काय उरले, त्यावरून घर कळते.

जुन्या रेल्वे स्टेशनातून निघून थोडे चालले की पायऱ्यापायऱ्यांचा रस्ता लागतो. हा रस्ता १९५३ साली खास पायी चालणाऱ्यांसाठी बांधला. त्याआधी दहा वर्षे, ऑक्टोबर १९४३ मध्ये, एका रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात या शहरातील सुमारे दहा हजार माणसे मेली होती.

या रस्त्यावर काँक्रीटचा सोळा मीटर उंच स्तंभ उभा आहे. परक्याला आसरा देण्याविषयीचे बायबलमधील वचन त्यावर जर्मन, इंग्रजी, अरबी आणि तुर्की भाषांत कोरले आहे. नायजेरियात जन्मलेले कलावंत ओलू ओगिबे यांनी २०१७ च्या प्रदर्शनासाठी तो शहराच्या मुख्य चौकात उभारला. निर्वासितांचे हे स्मारक काहींच्या डोळ्यांत खुपले. बराच वाद झाला, २०१८ मध्ये तो उतरवला गेला आणि २०१९ मध्ये इथे पुन्हा उभा राहिला. आसऱ्याची गोष्ट सांगणाऱ्या स्तंभालाच जागा शोधावी लागली!

पायऱ्या उतरल्यावर विस्तीर्ण फ्रीडरिशप्लाट्स येते. याच मैदानात मे १९३३ मध्ये नाझींनी पुस्तकांची होळी केली. समोर फ्रिडेरिशियानुम, म्हणजे १७७९ सालचे संग्रहालय. युद्धात जळालेल्या या इमारतीत, भिंतींची डागडुजी पुरती झालेली नसताना, चित्रकार आर्नोल्ड बोडे यांनी १९५५ मध्ये पहिले प्रदर्शन भरवले. नाझींनी बोडे यांना शिक्षकाच्या नोकरीवरून काढले होते. ज्या आधुनिक कलेला त्यांनी 'भ्रष्ट' ठरवले, तीच कला सन्मानाने लोकांपुढे आली. सुमारे एक लाख तीस हजार लोकांनी ती पाहिली.

ही कथा अनेक वर्षे अभिमानाने सांगितली गेली. पण ती अर्धीच होती. बोडे यांचे सहकारी आणि प्रदर्शनाचे वैचारिक सूत्रधार वेर्नर हाफ्टमान हे १९३७ पासून नाझी पक्षाचे सभासद होते, हे पुढे उघड झाले. ज्यू शिल्पकार ओट्टो फ्रॉइंडलिश यांच्या शिल्पाचे छायाचित्र नाझींनी 'भ्रष्ट कला' प्रदर्शनाच्या पुस्तिकेवर छापले होते. १९४३ मध्ये त्यांचा छळछावणीत अंत झाला. १९५५ च्या प्रदर्शनात मात्र त्यांचे एकही काम नव्हते. ज्याला मारले, त्याचे नावही गाळले. सन्मानाच्या यादीत कोण नाही, हे आधी पाहावे, ते यासाठी.

याच मैदानात वॉल्टर डी मारिया यांनी १९७७ मध्ये एक किलोमीटर लांबीची पितळी कांब जमिनीत उभी पुरली. वर दिसते ती फक्त तिची वाटोळी चकती. कासेलची आठवणही अशीच, बहुतेक जमिनीखाली.

पुढचे दिवस कठीण गेले. २०२२ मध्ये इंडोनेशियाच्या एका गटाच्या भल्यामोठ्या फलकावर ज्यूद्वेषी चित्रे आढळली आणि तो उतरवावा लागला. २०२३ मध्ये पुढचा कलासंचालक निवडणाऱ्या समितीतील मुंबईचे कवी आणि कलासमीक्षक रणजित होस्कोटे यांच्यावर टीका झाली. झायोनिझम आणि हिंदुत्व या विषयावरील मुंबईतील एका कार्यक्रमाचा निषेध करणाऱ्या पत्रकावर त्यांनी २०१९ मध्ये सही केली होती. त्यांनी राजीनामा दिला आणि पाठोपाठ सगळी समितीच मोडली. आपल्या मुंबईतली एक सही कासेलपर्यंत पोहोचली!

मग प्रदर्शन बंद करावे काय? नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलातज्ज्ञ नाओमी बेकविथ यांच्यावर पुढच्या प्रदर्शनाची जबाबदारी सोपवण्यात आली. ते जून २०२७ मध्ये ठरले. ज्यूद्वेषाला थारा नको, आणि त्या नावाखाली प्रश्न विचारणाऱ्याचे तोंडही बंद व्हायला नको. दोन्ही सांभाळता आले तरच या प्रदर्शनाला भविष्य आहे.

परतताना रस्त्याकडेचे ओक पाहावेत. योसेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये सात हजार झाडे लावण्याचे काम सुरू केले. मैदानात दगडांचा ढीग रचला होता. एक झाड लागले की ढिगातला एक दगड त्याच्याशेजारी जाई. १९८६ मध्ये बॉइस वारले. शेवटचे झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावले. दगड तेवढाच राहिला आहे, झाड वाढते आहे.