फोनची वही

गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातील गोष्ट. रात्री आम्ही इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस घेण्यासाठी उभे होतो. इतक्यात एका अनोळखी तरुणाने आम्हांस वाकून नमस्कार केला आणि अत्यंत गंभीर मुद्रेने तो म्हणाला, “आपणांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की…” पुढचे वाक्य त्याला पुरे करता आले नाही, कारण तो स्वतःच खदखदून हसू लागला. मग मित्रांकडे वळून म्हणाला, “अरे, ये वोई हैं भिया! फोनवाले बाबा!”

आम्ही एका बँकेत पस्तीस वर्षे नोकरी केली. या शहरात आमच्या घराण्याची ही चौथी पिढी. एवढ्या अवधीत आम्हांस पाहून कोणी हसल्याचे स्मरत नाही. आता मात्र शहरातील निम्मी तरुण मंडळी आम्हांस पाहताच हसतात. हा आमच्या चिरंजीवांचा पराक्रम होय.

चिरंजीव काय करतात, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण नातेवाइकांना ते समजावून देण्यात आमची काही वर्षे गेली. इंग्रजीत त्यास ‘स्टँड-अप कॉमेडी’ म्हणतात. एकट्याने ध्वनिक्षेपकासमोर उभे राहायचे आणि तास-सव्वा तास लोकांना हसवायचे. नेपथ्य नाही, वेषभूषा नाही, सहकलाकार नाही. ग्वाल्हेरच्या आमच्या मावशींनी हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे कीर्तनच, पण अभंगाशिवाय?” याहून चांगली व्याख्या आमच्या ऐकिवात नाही.

तसे पाहिले तर एकट्याने रंगमंच भरून टाकण्याची विद्या मराठी माणसाला नवी नाही. पु. ल. देशपांडे यांनी 1961 साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात पन्नासांहून अधिक पात्रे एकट्याने रंगविली. आमच्याच इंदूरचे झाकीर खान 2012 साली विनोदाच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेत पहिले आले आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी हिंदीतून प्रयोग केला. परंतु ही नावे आम्हांस तेव्हा आठवली नाहीत. 2018 साली चिरंजीवांनी पुण्यातील संगणक कंपनीची नोकरी सोडल्याचे कळविले, तेव्हा आम्हांस फक्त भविष्यनिर्वाह निधी आठवला.

नोकरी सोडण्यापूर्वी दोन वर्षे ते ‘ओपन माइक’ नावाच्या प्रकारात जात असत. एखाद्या उपाहारगृहाच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस नवशिके जमतात, प्रत्येकास चार-पाच मिनिटे मिळतात, मानधन नसते. श्रोते बहुधा तेच नवशिके, म्हणजे स्वतःची पाळी येईपर्यंत न हसणारे. चिरंजीव प्रत्येक वेळी आपले बोलणे ध्वनिमुद्रित करीत आणि घरी येऊन ऐकत. हशा कोठे आला, कोठे अपेक्षित असून आला नाही, कोणता शब्द वाक्याच्या शेवटी नेला तर येईल, हे सारे ते एका वहीत टिपत. आम्ही ती वही एकदा चोरून पाहिली. विनोदाची वही अशी असेल, असे आम्हांस वाटले नव्हते. ती थेट बँकेच्या खतावणीसारखी होती. आम्हांस त्याच दिवशी प्रथम वाटले की, हा मुलगा उनाडक्या करीत नाही.

2020 साली टाळेबंदीत सारी सभागृहे बंद झाली. चिरंजीव घरी परतले, आणि दोन वर्षे त्यांनी आमच्याकडे पाहण्यात घालविली. त्याचे फळ 2022 साली बाहेर पडले. बारा मिनिटांची एक चित्रफीत त्यांनी प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘फोनची वही’.

तीत काय आहे ते सांगतो. 2011 सालच्या जानेवारीत आमच्या मातोश्री पहाटे निवर्तल्या. आम्ही दूरध्वनीजवळची वही काढली आणि अकारविल्हे एकेका आप्ताला फोन करू लागलो. प्रत्येकास तेच वाक्य: “आपणांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, मातोश्रींचे आज पहाटे देहावसान झाले. फोन ठेवतो.” मग नावापुढे लाल शाईने बरोबरची खूण. एक फोन चुकून परक्याच माणसाकडे लागला. आम्ही त्यासही संपूर्ण वाक्य ऐकविले आणि खूण करण्यासाठी त्याचे नाव विचारले. चिरंजीवांच्या कथनात तो परका मनुष्य दुपारी स्मशानात येतो आणि सर्वांत जास्त रडतो.

सारा प्रयोग हिंदीत आहे. ते एक वाक्य मात्र त्यांनी मराठीतच ठेवले. अर्थ न कळताही लोक हसतात. शेवटी पडद्यावर आमचे छायाचित्र येते, म्हणून सराफ्यात आम्हांस ओळखतात.

आम्ही चित्रफीत प्रथम पाहिली तेव्हा काय वाटले? खरे सांगावयाचे तर फार वाईट वाटले. ती रात्र आमची होती. सौभाग्यवतींना आम्ही एवढेच म्हणालो, “तो मनुष्य स्मशानात आला नव्हता. हे खोटे आहे.” हीच हरकत आम्ही चिरंजीवांना कळविली. ते म्हणाले, “बाबा, तो आला नाही तर गोष्ट संपत नाही.” आम्ही चार महिने त्यांच्याशी कामापुरते बोललो.

पुढे यश आले. तिकिटे विकली जाऊ लागली, कंपन्यांच्या वार्षिक समारंभांची निमंत्रणे आली, महिन्यातील वीस रात्री निरनिराळ्या गावी जाऊ लागल्या. जे नातेवाईक नोकरी सुटल्याचे कळताच हळहळले होते, तेच आता फुकट प्रवेशिका मागू लागले. 2023 च्या डिसेंबरात रवींद्र नाट्यगृहात प्रयोग ठरला आणि सौभाग्यवतींनी आम्हांस जवळजवळ ओढून नेले.

प्रयोगापूर्वी आम्ही रंगपटात गेलो. चिरंजीव भिंतीकडे तोंड करून उभे होते. समोरच्या ताटलीत अर्धी पोळी तशीच होती. हाताला हात लागला तेव्हा तो बर्फासारखा गार होता. एवढ्या प्रयोगांनंतरही हे असे असते, याची आम्हांस कल्पना नव्हती.

त्या रात्री त्यांनी एक तास नवे काही सांगितले. चांगले होते, लोक हसलेही. पण दर दहा मिनिटांनी मागच्या रांगांतून आरोळी येई, “फोनवाला सुना, भिया!” अखेर त्यांनी ते सुरू केले आणि सभागृह अक्षरशः दणाणले. शेकडो माणसे आमच्यासोबत आमचे वाक्य म्हणत होती. आमच्या शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. ते हसता हसता एकाएकी थांबले, चष्मा काढून डोळे पुसले आणि कोणाला उद्देशून नव्हे असे म्हणाले, “मेरे पिताजी के टाइम मैंने भी ऐसे ही किया था।” तो स्मशानात येऊन सर्वांत जास्त रडणारा परका मनुष्य खोटा नव्हता, हे आम्हांस तेव्हा कळले. तो फक्त बारा वर्षे उशिरा आला होता.

रात्री एकच्या सुमारास मुलगा स्वयंपाकघरात वरण-भात जेवत होता. आई वाढत होती. कोणी काही बोलत नव्हते. मग तो म्हणाला, “बाबा, लोक आता मला ऐकायला येत नाहीत, फोन ऐकायला येतात. आजी गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. आता महिन्यातून वीस वेळा ती जाते आणि वीस वेळा मी टाळ्या घेतो. तुम्ही म्हणाल तर बंद करतो.”

यश न मिळालेल्या मुलाचे सांत्वन कसे करावे, हे प्रत्येक बापाला थोडेबहुत ठाऊक असते. यश मिळालेल्या मुलाचे सांत्वन कसे करावे, हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते. आम्ही पु. लं.चे उदाहरण दिले. गर्दी ओसरण्याची वाट न पाहता त्यांनी आपले प्रयोग थांबविले, आणि मिळालेल्या पैशांतून प्रतिष्ठान उभारून चांगल्या कामांना हातभार लावला. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीत त्यांचे साहाय्य होते, हे सर्वश्रुत आहे. मुलाने ऐकून घेतले, पण ते त्याला लागू पडले नाही, हे आम्हांस दिसत होते. पु. ल. फार मोठे होते आणि मुलगा फार थकला होता.

तेव्हा आम्ही उठून दूरध्वनीची ती जुनी वही आणली. त्या पहाटेची एक गोष्ट त्याने पाहिली नव्हती. एका नावापुढे खूण नाही. ती का नाही, हे आम्ही त्याला सांगितले. आमच्या सौभाग्यवतींखेरीज ते कोणालाही ठाऊक नव्हते. सांगून झाल्यावर म्हणालो, “फोन करायचा की बंद करायचा, हे तू ठरव. तो आता तुझा आहे. हे मात्र घरचे आहे. हे मंचावर न्यायचे नाही.”

त्याने वही मिटली, कपाळाला लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. आजीसाठी तो त्या रात्री प्रथम रडला. प्रेक्षकांत आम्ही दोघेच होतो.

2024 साली त्याने फोनचा भाग प्रयोगातून काढून टाकला. काही गावी लोक नाराज झाले. दोन-तीन ठिकाणी खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि हसण्याच्या या धंद्यात रिकामी खुर्ची फार मोठ्याने बोलते. आता तो महिन्यातून दहाच प्रयोग घेतो. 2025 च्या सप्टेंबरात झाकीर खान यांनी सततच्या दौऱ्यांनी आपली प्रकृती बिघडल्याचे स्वतः जाहीर केले, तेव्हा त्याने आम्हांस ते वाचून दाखविले आणि म्हणाला, “पाहा, एवढ्या मोठ्या माणसालाही थांबावे लागते.” नव्या प्रयोगाला अजून तेवढा हशा येत नाही. वहीत टिपणे चालू आहेत.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी आम्ही त्याची अनुमती मागितली. त्याच्या विनोदात आम्ही होतो; आमच्या लेखात तो आहे; हिशेब सारखा झाला. त्याने लेख वाचला, दोन ठिकाणी शब्द वाक्याच्या शेवटी नेण्याची सूचना केली, आणि विचारले, “त्या खूण नसलेल्या नावाचे काय?”

आम्ही म्हणालो, “ते घरचे आहे.”