साखरेची भिंत

आपल्या भागात साखर म्हटली की उसाचा फड, कारखान्याचं धुराडं आणि सकाळचा चहा आठवतो. मराठीत साखर, कन्नडात सक्करे. शब्द दोन्हीकडं गोडच. पण एखादा परजीवी जीव साखरेची भिंत बांधून माणसाच्या पोटात वर्षानुवर्षं मुक्काम करतो, हे मला आमच्या दोड्डव्वाच्या आजारपणामुळं कळलं.

दोड्डव्वा म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. सारं आयुष्य मेंढरं आणि राखणीची कुत्री यांच्यात गेलेलं. उजव्या बरगडीखाली जड वाटतं, एवढीच तिची तक्रार होती. सोनोग्राफी केली तर यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ! डॉक्टर म्हणाले, "हायडॅटिड आहे. कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीची अळी आत वाढते आहे. बरीच वर्षं झाली असणार."

गाठीपेक्षा त्या 'बरीच वर्षं'नंच ती हादरली. "एवढं मोठं पोटात वाढलं, आन् मला कळलं कसं न्हाई?" असं येईल त्याला विचारायची. भावकीत कुणी म्हणालं, कुत्री मारून टाका. कुणी म्हणालं, हिनंच स्वच्छता पाळली नाही. ती आतल्या आत खचत गेली.

मी भाषा शिकवणारी. हा माझा विषय नव्हे. पण तिचा प्रश्न पाठ सोडेना. शेवटी आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना गाठलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अशाच एका गाठीच्या भिंतीचा काप दाखवला. कांद्याच्या पाकळ्यांसारखे थरावर थर, गडद गुलाबी. साखरेच्या साखळ्यांना रंग चढवणाऱ्या पी. ए. एस. पद्धतीनं तो रंगवला होता.

गाठीच्या आतला जिवंत पदरा अतिशय नाजूक असतो. तो स्वतःभोवती हे निर्जीव कवच विणतो, आणि ते दोन-तीन मिलिमीटर जाड होऊ शकतं. आपल्या लाळेत, शेंबडात जे बुळबुळीत पदार्थ असतात त्यांना म्यूसिन म्हणतात. कवचाचं जाळं त्याच जातीचं: प्रथिनाचा धागा आणि त्याला लोंबणाऱ्या साखरेच्या छोट्या साखळ्या. त्यांत मुख्य साखर गॅलॅक्टोज, म्हणजे दुधातल्या साखरेचा अर्धा भाग. जोंधळा म्हणा की जोळ, त्याच्या दाण्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं. तेच कॅल्शियमशी बांधलेलं या जाळीत बारीक कणांच्या रूपानं सापडतं. काही साखळ्यांची टोकं तर माणसाच्या रक्तातल्या पी-वन या रक्तगटाच्या खुणेशी जुळतात. ही खूण गाठीतल्या पाण्यात असल्याचं १९५७ मध्येच दिसून आलं होतं.

या जाळीतून पोषण झिरपतं, पण आपल्या रक्तातल्या लढाऊ पेशींना आत शिरता येत नाही. शिवाय कवचाचे सुटलेले कण त्या पेशींना भडकवण्याऐवजी शांतच ठेवतात. ना ताप, ना कळ. दोड्डव्वाला कळलं नाही, कारण तिच्या शरीरालाच कळू दिलं गेलं नव्हतं. हे मी तिला कन्नडात समजावलं, तेव्हा कुठं तिचा चेहरा सैल झाला.

मग दोष कुणाचा? कुत्र्यातली अळी मोठी झाली तरी जेमतेम तीन ते सहा मिलिमीटरची. कुत्र्याला काही त्रासही होत नाही. त्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर, पाण्यात, हातावर येतात. ती पोटात गेली की मेंढरात गाठ होते, आणि कधी माणसातही. गाठीचं कच्चं काळीज-फुप्फुस कुत्र्यानं खाल्लं की चक्र पुन्हा सुरू. मटण खाऊन माणसाला हा रोग होत नाही.

आइसलँडमध्ये हा रोग फार होता. १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे या डॅनिश संशोधकानं तिथल्या कुत्र्यांची तपासणी केली आणि पुढच्या वर्षी साध्या भाषेतली पुस्तिका लोकांपर्यंत पोचवली. कापलेल्या जनावराचे गाठी असलेले अवयव कुत्र्यांना मिळू नयेत, कुत्र्यांना जंताचं औषध मिळावं, याचे नियम झाले. कालांतरानं रोग तिथून गेला. मेंढरं राहिली, कुत्रीही राहिली.

दोड्डव्वाची शस्त्रक्रिया झाली. आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेततं आणि नव्या गाठीही होतात, म्हणून डॉक्टरांनी फार जपून काम केलं. आधी आणि नंतर अल्बेंडाझोलच्या गोळ्या होत्या. आज ती हिंडते-फिरते. कुत्रीही दारात आहेत. फक्त त्यांना जनावरांच्या डॉक्टरांकडून नियमानं जंताचं औषध मिळतं.

वाचकहो, जत्रेला, देवकार्याला बकरं पडतं तेव्हा टाकाऊ काळीज-फुप्फुस भोवतीच्या कुत्र्यांपुढं फेकू नका. खोल पुरा, नाहीतर जाळा. कुत्र्याला द्यायचंच असेल तर चांगलं उकळून द्या. पोरांना कुत्र्याशी खेळू द्या, पण जेवायच्या आधी हात धुवायला लावा. भाजीपाला धुऊन घ्या. ती साखरेची भिंत एकदा उभी राहिली की शरीराला ती पाडता येत नाही. ती उभीच राहू नये, एवढं मात्र आपल्या हातात आहे.